हाताचे पैसे कुठे गेले?

दिवाळीआधीच्या शनिवार-रविवारी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत फिरलात, तर कुठल्या ना कुठल्या क्लबहाउसमध्ये प्रदर्शन लागलेलं दिसतंच. नवी मुंबईत नेरुळ, सीवूड्स, खारघरकडेही तीच तऱ्हा. एका टेबलावर उटणं आणि साबण, दुसऱ्यावर चकली-कडबोळी, आणि त्यांच्यामधे लोकरीची तोरणं, क्रोशाचे रुमाल, ब्लाउजपीसच्या पिशव्या, क्विलिंग केलेल्या, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून बनवलेल्या पणत्या. वस्तू खरोखर सुरेख असतात. किंमत विचारली की टेबलामागची बाई जराशी ओशाळते आणि म्हणते, "द्या हो तीनशे-साडेतीनशे. लोकरीचे पैसे निघाले म्हणजे झालं!"

हे वाक्य इतकं सर्रास आणि इतक्या चांगल्या मनाने म्हटलं जातं की त्याला हरकत घेणं म्हणजे खडूसपणा वाटावा. तो वाटला तरी चालेल, पण मला हरकत घ्यायची आहे. आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवायचं असेल तर मोकळ्या हाताने शिकवा. नमुना द्या, उरलेली लोकर द्या, कापडाचे तुकडे द्या, जिवाभावाच्या माणसाला तयार वस्तू भेट द्या. पण पाटी लावून विकायला बसलात की हाताचे पैसे, म्हणजे मेहनतीची मजुरी, धरूनच किंमत सांगा. सध्या आपण नेमकं उलटं करतो. नमुना विचारला की "अगं, आठवत नाही बाई आता" म्हणून टाळतो, आणि आठ-दहा तासांची मेहनत मात्र उदारपणे फुकून देतो.

हिशेब एकदा मांडूनच बघू. समजा, तीन फुटी दारासाठी क्रोशाचं तोरण आहे. सूत, मणी, घुंगरू मिळून एकशे ऐंशी रुपये लागले असं धरा. वरची पट्टी, तिला लोंबणारी पानं, मधली फुलं, मग टोकं लपवणं आणि शेवटी इस्त्री. सराईत हातालाही यात दहा तास सहज जातात. तोरण साडेतीनशेला विकलं, तर हाती उरले एकशे सत्तर. म्हणजे तासाला सतरा रुपये. तेवढ्यात ठाणे स्टेशनबाहेर वडापाव मिळेल की नाही, याचीच शंका. यात टेबलाचं भाडं, रिक्षा आणि प्रदर्शनात उभं राहण्याचे दोन दिवस धरलेलेच नाहीत. ते धरले तर बाईने पदरचे पैसे घालून तोरण विकलं असंच म्हणावं लागेल.

आता नौपाड्यातल्या एखाद्या टेलरकडे जा. कापड तुमचं, अस्तर तुमचं, हुकही वेळेला तुम्हीच आणून दिलेले. तरी ब्लाउजची शिलाई रोख द्यावी लागते, आणि दिवाळीच्या तोंडावर ती वाढलेली असते. आपण कुरकुरतो आणि देतो. कुठलाही टेलर "दोऱ्याचे पैसे निघाले म्हणजे झालं" असं म्हणत नाही, आणि म्हणाला तर आपल्यालाच काहीतरी गडबड आहे असं वाटेल. मग सुईऐवजी हातात क्रोशा आला, दुकानाऐवजी हॉलमधला सोफा आला, आणि बसणारी व्यक्ती कुणाची तरी आई किंवा सासू असली, की शिलाई गायब कशी होते?

याचं उत्तर बहुतेकजणी सहज देऊन टाकतात. "हौसेचं काम आहे, पैशासाठी थोडंच करते?" घरात नवऱ्याचं किंवा स्वतःचं पेन्शन येतं, मुलगा कमावता आहे, दुपार मोकळी असते. अशा बाईला तोरणाच्या दीडशे रुपयांची खरंच गरज नसते. तिला कुणीतरी "वा, किती सुंदर!" म्हणालं की भरून पावतं. हे सगळं मला मान्य आहे. मी स्वतः विणते, विकत नाही, आणि ती दाद काय असते ते मला ठाऊक आहे.

पण त्याच प्रदर्शनात, कोपऱ्यातल्या टेबलावर, कळव्याहून किंवा वागळे इस्टेटमागच्या चाळीतून आलेली एखादी बाई बसलेली असते. तिचंही तोरणच असतं. तिने किंमत लावलेली असते सातशे. गिऱ्हाईक हात लावतं, उलटसुलट करून बघतं आणि सांगतं, "पलीकडच्या काकूंकडे साडेतीनशेला आहे हो, ताई." ती काय बोलणार? काकूंच्या घरी पेन्शन येतं आणि माझ्या घरी येत नाही, हे तिने गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं का? ती पाचशेवर येते, मग साडेचारशेवर. संध्याकाळी सामान आवरताना शेवटची दोन नग साडेतीनशेलाच जातात. काकूंनी कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. फक्त त्यांच्या हौसेचा खर्च त्यांच्या घरातून निघतो, आणि हिच्या कामाचा भाव त्या हौसेने ठरवून टाकलेला असतो.

क्रोशाच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. दोन सुयांवरचं विणकाम यंत्रावर होतं, स्वेटर कारखान्यात निघतात. क्रोशा मात्र आजतागायत यंत्राला साधलेला नाही. यंत्रावर त्याच्यासारखी दिसणारी जाळी निघते, पण खरा क्रोशाचा टाका हातानेच घालावा लागतो. म्हणजे मॉलमध्ये किंवा ऑनलाइन तुम्हाला सहाशे रुपयांत क्रोशाचा टॉप दिसला, तर तो जगात कुठे ना कुठे एका माणसाने, बहुतेक वेळा एका बाईने, टाका टाका मोजत विणलेला असतो. मधल्या व्यापाऱ्याचा, वाहतुकीचा, दुकानाचा आणि सेलमधल्या सवलतीचा वाटा काढा. मग त्या बाईला काय मिळालं असेल याचा अंदाज बांधा.

हा अंदाज आपल्या देशात कुणी नीट अभ्यास करून मांडलेला आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आणि पुढे ती परदेशात जाऊ लागली. १९८०च्या आसपास मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिल्या. त्यांना दिसलं ते असं: हजारो बायका दिवसातले कित्येक तास लेस विणतात, ती जगाच्या बाजारात विकली जाते, तिच्या जोरावर व्यापारी मोठे होतात. तरी त्या बायकांना कामगार कुणी म्हणत नाही. त्या गृहिणी, आणि लेस म्हणजे त्यांचा फावल्या वेळातला उद्योग. फावल्या वेळाला मजुरी कशाला लागते? एवढ्या एका समजुतीवर मजुरी तळाला ठेवता आली. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. मानांकनाने लेसचं नाव राखलं जातं. विणणारीच्या तासाचा दर त्याने आपोआप वाढत नाही.

ठाण्यातल्या क्लबहाउसात कुणी व्यापारी नसतो, हे खरं. पण समजूत तीच आहे, आणि ती आपण आपल्याच तोंडाने बोलून दाखवतो.

'फावला वेळ' हाही मोठा गंमतीचा प्रकार आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास घरच्या कामात घालवल्यावर जो वेळ उरतो, किंवा डाळ शिजेपर्यंत, नातवंड झोपेतून उठेपर्यंत जो तुकड्यातुकड्याने हाती लागतो, त्याला आपण फावला म्हणतो. असा चोरून-मारून मिळवलेला वेळ महाग धरायला हवा.

कायद्याचंही सांगायला हवं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला उभी केलेली 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना त्यासाठी मोठ्या चिकाटीने झटली होती. ठेकेदारासाठी किंवा कंपनीसाठी घरी बसून काम करणाऱ्या माणसाला इतर पगारी कामगारांच्या बरोबरीने वागवावं, असं तो करार सांगतो. ज्या देशातल्या बायकांनी त्यासाठी रेटा लावला, त्या भारताने मात्र त्याला मान्यता दिलेली नाही. कळव्याची ती बाई स्वतःच बनवते आणि स्वतःच विकते, तेव्हा करार उद्या मान्य झाला तरी तिला तो थेट लागू होणार नाही. तिचा दर ठरणार तो त्या शेजारच्या टेबलावरून.

ठाण्याला तरी हे परकं वाटू नये. पोखरण रोडला रेमंडची लोकरी कापडाची गिरणी कित्येक दशकं चालली. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं अजून शहरात आहेत. आता त्या जागेवर घरांचे मनोरे उभे आहेत. गिरणीत लोकरीला हात लावणाऱ्या माणसाच्या तासाला दर होता, जादा तासाला वेगळा दर होता, बोनससाठी भांडायला युनियन होती. त्याच लोकरीचा गुंडा घरातल्या बाईच्या हातात आला की तास मोजायचाच राहून जातो. (आपण लोकर म्हणतो खरं, पण दुकानातल्या त्या रंगीबेरंगी गुंड्यांत बहुधा ॲक्रिलिकच असतं, मेंढीचा संबंध नाही. असो.)

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात, आणि दोन्ही फेटाळून टाकण्यासारखे नाहीत.

पहिला असा, की किंमत वाढवली तर वस्तू जाणारच नाहीत. तासाला ऐंशी रुपये धरले तर ते तोरण नऊशे ऐंशीला पडतं. तेवढे कोण देणार? बरोबर आहे, बरेच जण देणार नाहीत. मग विकण्यासाठी तोरण करू नये. त्याच सुतात पुस्तकातल्या खुणा होतात, किल्लीला लावायची फुलं होतात, राख्या होतात, ज्यांना अर्धा-पाऊण तास लागतो आणि रास्त दराने विकूनही त्या शंभरच्या आत बसतात. तोरण करायची हौस असेल तर जरूर करावं, आणि भाचीच्या नव्या घराला द्यावं. भेटीला किंमत नसते, म्हणून ती बाजारही पाडत नाही. साडेतीनशेची पाटी लावलेलं तोरण मात्र भेटही नसतं आणि धड विक्रीही नसते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. सुंदर वस्तू फक्त पैसेवाल्यांनीच घ्यायच्या का? घरकामाला येणाऱ्या मावशींना आपल्या दाराला तोरण नको? हवंच. म्हणूनच तर मी शिकवण्यावर भर देते आहे. तोरण स्वस्तात विकून एका घराला तोरण मिळतं, आणि शिकवून त्या घराला दर वर्षी नवं करता येतं. शिवाय दुसरी एक गोष्ट घडते. ज्याने आयुष्यात एकदा तरी क्रोशाच्या दहा ओळी विणल्या, ज्याचा टाका सुटून सगळं उसवलं, तो माणूस पुन्हा कधी प्रदर्शनात "एवढे कसले पैसे?" असं विचारत नाही. शिकवणं म्हणजे कदर करणारं गिऱ्हाईक तयार करणं. स्वस्तात विकलं की कदर कमीच होत जाते.

इथे चाणाक्ष वाचक मला पकडणार, हे ठाऊक आहे. स्वस्तात विकल्याने दुसऱ्या विकणारीचं नुकसान होतं, तर फुकट शिकवल्याने क्लास घेणाऱ्या बाईचं होत नाही का? होऊ शकतं. तीन महिन्यांचा, कापणी-बेतणीपासून फ्रॉक शिवण्यापर्यंतचा क्लास ही रोजीरोटी आहे, आणि तिच्या फीला हात लावू नये. सोसायटीने किंवा महापालिकेने तिला बोलावलं तर मानधन द्यावं, पुष्पगुच्छावर बोळवण करू नये. मी म्हणते आहे ते टेबलाभोवती बसून होणारं शिकणं. ती मला जाळीचा टाका दाखवते, मी तिला काजं करायला शिकवते, आणि तिसरी नुसती बसून चहा पीत बघते. अशा बैठकीतून ज्यांना गोडी लागते, त्याच पुढे फी भरून क्लासला जातात.

फोनवर व्हिडिओ बघून सगळं शिकता येतं, बैठक कशाला, असंही कुणी म्हणेल. व्हिडिओ छानच असतात, पण व्हिडिओला आपण दिसत नाही. नवशिक्या बाईचा चौकोनी रुमाल हमखास त्रिकोणाकडे झुकायला लागतो. दर ओळीला शेवटचं एक घर, म्हणजे एक टाका, तिच्याकडून सुटत असतं, आणि ते सुटलंय हे तिला कळत नाही. ती व्हिडिओ पाच वेळा मागे घेऊन बघते, मोजते, वैतागते, पिशवीत कोंबून ठेवते. शेजारी बसलेली मुरलेली बाई नुसती कड बघून सांगते, "शेवटचा खांब घेतच नाहीस तू." कुणाचा हात घट्ट असतो, क्रोशाची सुई घरात शिरतच नाही. कुणाचा इतका सैल, की टोपी पिशवीसारखी होते. घट्ट हाताला एक नंबर मोठी सुई द्यायची, सैल हाताला लहान. साखळी, मुका खांब, खांब हे सगळे टाके कागदावर लिहून ठेवता येतील, पण हात घट्ट आहे की सैल हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

आणि ही रीत आपल्याकडे नवी थोडीच आहे? गावाकडे उन्हाळ्याच्या दुपारी घरात गोधडी पसरली की आळीतल्या चौघीजणी येऊन चार बाजूंनी धावदोरा घालत. त्याचे पैसे कुणी कुणाला देत नसे, कारण उद्या हिच्या घरी गोधडी, परवा तिच्या. मात्र दुसऱ्याच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका वेगळ्या होत्या, आणि त्या मजुरी घेत, कधी पैशात, कधी धान्यात. सावड, म्हणजे आळीपाळीची मदत कुठली आणि मजुरी कुठली, हे त्या बायकांना लख्ख कळत होतं. शहरात येऊन आपण दोन्हींची खिचडी केली.

चिंध्यांचं तर विचारूच नका. ठाण्यात ब्लाउज शिवणारे टेलर गल्लोगल्ली आहेत, उल्हासनगरात जीन्सचा एवढा मोठा धंदा आहे, आणि या सगळ्या कापणीतून पोतीच्या पोती तुकडे रोज निघतात. त्यात खणाचे काठ असतात, ब्रोकेड असतं, उत्तम सुती अस्तर असतं. दुसरीकडे मुलांना शाळेतून 'टाकाऊतून टिकाऊ'चा प्रकल्प मिळाला, की आईबाबा स्टेशनरीच्या दुकानात जाऊन नवी फोमशीट, नवी चकमक, कापलेल्या क्विलिंगच्या पट्ट्या आणि तयार कापडी तुकड्यांचं पाकीट विकत आणतात. दोन-तीनशे रुपये खर्चून टाकाऊ वस्तू विकत घ्यायची! घरात मात्र लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडून असतो. जाड कागद, सोनेरी किनार, आतला तलम बटरपेपर. त्या पत्रिकांची आहेराची पाकिटं, कंदिलाच्या पाकळ्या, पुस्तकातल्या खुणा इतक्या छान होतात की दुकानातला कार्डपेपर त्यांच्यापुढे फिका पडावा. २०१८ मध्ये राज्याने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हा मखर करणाऱ्यांना कागद आणि कापडाकडे वळावंच लागलं. म्हणजे ही कला लोकांना येत नाही असं नाही, सामान कुठे मिळेल ते माहीत नाही.

नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला जुन्या कापडासाठी केंद्र काढलं आहे, तिथे गोळा झालेल्या कपड्यांची निवड होते आणि बचत गटातल्या महिला त्यातून पिशव्या वगैरे वस्तू करतात. हे काम चांगलं आहे आणि ठाण्यानेही ते उचलावं. पण मला हवी आहे ती यापेक्षा फार लहान गोष्ट, तिच्यासाठी निविदा काढायची गरज नाही. एक कपाट. वर तीन खण कापडाचे, एक लोकरीचा, एक कागदाचा. कापड मात्र निवडूनच ठेवायला हवं: सुती वेगळं, सिंथेटिक वेगळं. सिंथेटिकला इस्त्री टेकवली की ते आक्रसतं, तुकड्याच्या कडा सुटत जातात, आणि सुतीबरोबर एकाच पॅचवर्कमध्ये जोडलं तर पहिल्या धुण्यालाच एक आटतं, दुसरं तसंच राहतं. वितभरापेक्षा मोठे तुकडे पिशवीला, लहान ते बाहुल्यांना, आणि अगदी चिंध्या उशीत भरायला. असं निवडलेलं नसलं तर कपाटाचा महिनाभरात उकिरडा होतो, आणि मग कमिटीवाले ते 'स्वच्छता अभियाना'त काढून टाकतात. तेव्हा कपाटाला एक माणूस लागतो. माणूस नसेल तर कपाटही नको.

जागा आहेत. नवी मुंबईत बऱ्याच सेक्टरांत ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रं आहेत. सकाळ-संध्याकाळी तिथे वर्तमानपत्रं आणि कॅरम असतो, आणि बरेचसे आजोबाच असतात. दुपारची दोन ते चार ही वेळ एका मोठ्या टेबलाला देता आली तर आज्याही येतील आणि शाळेतून सुटलेली नातवंडंही. आजोबांनीही यावं, सुई धरायला मिशी आड येत नाही. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून पुस्तकं फिरवतंय. पुस्तक एकाने वाचून दुसऱ्याला द्यायचं असतं, हे शहराला पटून सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. जुन्या महिला मासिकांत छापून आलेले विणकामाचे नमुने, कुणाच्या तरी आईने वहीत चौकटी काढून उतरवलेल्या जाळ्या, यांची एखादी फाइल प्रत्येक वॉर्डातल्या वाचनालयात असायला काय हरकत आहे? त्या वह्या आज रद्दीत जात आहेत. मुलं परदेशात, सूनबाईंना त्यातलं काही उमगत नाही, आणि ज्या आजींनी आयुष्यभर "माझा नमुना आहे तो" म्हणून वही दडवून ठेवली, त्यांच्याबरोबर तो नमुनाही जातो.

नमुना दडवण्यामागे एक भीती असते, ती समजते: मी शिकवलं तर तीच पुढच्या वर्षी माझ्या शेजारी टेबल लावेल. लावू दे. दोघींनी तासाचे पैसे धरले तर कुणी कुणाला खाली ओढत नाही. मग निवड रंगावर होते, सफाईवर होते, कुणाचं पान जास्त रेखीव आहे त्यावर होते. स्पर्धेची भीती आहे ती स्वस्ताईच्या स्पर्धेची.

मोठ्या गिऱ्हाइकांचंही थोडं. ऐरोली-महापेकडच्या कंपन्या दिवाळीत भेटवस्तू म्हणून कागदी पणत्या, कापडी पिशव्या, लोकरीची फुलं बचत गटांकडून घाऊक घेतात. सामाजिक जबाबदारीचा अहवाल छान दिसतो, फोटो येतात. पण घाऊक म्हटलं की भाव पाडायचाच, ही सवय तिथेही जात नाही. पाचशे पिशव्या घेतल्या म्हणून शिवणारीला प्रत्येक पिशवीला कमी वेळ लागत नाही. कापड घाऊकीत स्वस्त मिळतं. ती सूट कंपनीने खुशाल घ्यावी. हाताच्या दरात सूट मागू नये. ज्या कंपनीत संगणकावर बसणाऱ्याच्या प्रत्येक तासाचं बिल परदेशी गिऱ्हाइकाला लागतं, तिथल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये.

सोसायटीच्या प्रदर्शनासाठी मी काही फार क्रांतिकारक मागत नाही. विकायच्या प्रत्येक हस्तकलेच्या वस्तूवर किमतीशेजारी दोन आकडे लिहावेत: सामान किती रुपयांचं, तास किती लागले. बस. किमान दर ठरवायला, भांडायला कुणी जाऊ नये. आकडे लिहिले की काकू स्वतःच थबकतील. "साहित्य १८०, वेळ १० तास, किंमत ३५०" असं स्वतःच्या अक्षरात लिहून बघितलं की पेन आपोआप अडतं. गिऱ्हाइकालाही घासाघीस करताना तो दहाचा आकडा दिसत राहील. आणि ज्यांना पैसे नकोच आहेत, त्यांच्यासाठी विक्रीपासून दूर, दाराजवळ एक वेगळं टेबल: इथे वस्तू बघा, आमच्याकडून शिका, जाताना एक नमुना घेऊन जा. बहुतेक काकूंना तिथेच जास्त मजा येईल असा माझा अंदाज आहे. दाद तिथेही मिळते, आणि कुणाच्या सातशेचे साडेतीनशे होत नाहीत.

आयोजक म्हणतात, असं केलं तर विक्री घटेल. पहिल्या वर्षी घटेलही. पण सध्या त्या विक्रीतून मिळतं कुणाला? कमिटीला टेबलाचं भाडं मिळतं, आणि ते पेन्शनवाल्या काकूंकडून नि कळव्याच्या बाईकडून सारखंच घेतलं जातं. तेव्हा तिसरी सूचना भाड्याबद्दलच. जिचं पोट त्यावर आहे तिला टेबल निम्म्या भाड्यात द्यावं, आणि तो फरक उटण्या-साबणाच्या मोठ्या स्टॉलवाल्यांकडून काढावा. अशा प्रदर्शनांच्या बैठका गणपती उठले की सुरू होतात. कमिटीत तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर हे तीन मुद्दे त्यांच्या कानावर घाला, आणि भाड्याचा मुद्दा आधी काढा, कारण चहा आला की बैठक त्याच्या पुढे जात नाही.